ओंडका अडतो आणि एटीव्ही पुढून उचलते: लाकूड ओढताना वारंवार येणारी अडचण

तक्रार बहुतेकांची एकाच साच्यातली असते. ओंडका साखळीनं एटीव्हीला, म्हणजे रानात चालणाऱ्या, मोटारसायकलसारखं हँडल असलेल्या चारचाकी गाडीला बांधला, गाडी फोर-व्हीलवर टाकली (चारही चाकांना जोर), पहिले काही मीटर सगळं सुरळीत. मग ओंडका कशाला तरी अडतो, मागची चाकं पाचोळा उडवत जागच्या जागी फिरतात आणि हँडल हलकं लागायला लागतं. उतरायचं, पहारीनं ओंडका बाजूला सरकवायचा, पुन्हा ओढायचं, थोड्या अंतरावर पुन्हा तेच. शेवटी निष्कर्ष निघतो की गाडी कमी ताकदीची आहे, नाहीतर टायर झिजलेत.

इंजिनाची ताकद सहसा पुरेशी असते. चाकं जागेवर फिरतायत याचाच अर्थ इंजिन जोर देतंय, पण तो जमिनीला लागत नाही. खरी अडचण ओंडक्याच्या पहिल्या वीतभर लांबीत असते, आणि दुसरी अडचण साखळी गाडीला किती उंचीवर अडकवली आहे त्यात. या दोन गोष्टी नीट केल्याशिवाय मोठी गाडी घेतली तर ती फक्त जास्त खोल चाकोऱ्या पाडेल.

आधी ओंडक्याचं तोंड बघा

ओंडका अडला की लगेच पहार घेऊ नका. गाडी बंद करा, साखळी सैल पडू द्या आणि समोरचा कापलेला भाग नीट बघा. निदान तिथेच मिळतं. कापाच्या खालच्या अर्ध्या भागात माती आणि पाचोळा ठासून भरलाय, वरचा अर्धा स्वच्छ आहे, म्हणजे ओंडका वाटभर नांगराच्या फाळासारखा जमीन उकरत आलाय. मागे वळून बघितलंत तर तशी सरीही दिसेल. कापाच्या एका कडेला साल फाटून ताजी, ओली ठेच दिसतेय, बाकी काप कोरडा आहे, तर तो खुंटावर किंवा मुळीवर आदळलाय. आणि काप स्वच्छ आहे, पण साखळीच्या जागी साल सोलून पुढे गोळा झाली आहे, तर ओंडका अडलेलाच नाही, फास, म्हणजे ओंडक्याभोवती आवळलेला साखळीचा वेढा, घसरतोय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. लोक तिन्हींवर एकच उपाय करतात, थ्रॉटल दाबतात.

थोडा हिशोब

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण गाडी ‘अचानक’ का हरते ते यातूनच कळतं. ३० सेंटिमीटर व्यासाचा, ३ मीटर लांबीचा ओंडका घ्या. घनफळ साधारण ०.२१ घनमीटर. ताजं तोडलेलं लाकूड जातीप्रमाणे घनमीटरला ढोबळमानानं ८०० ते १००० किलो भरतं, म्हणजे हा ओंडका १७० ते २१० किलोचा. व्यास ४० सेंटिमीटर झाला की तेवढ्याच लांबीचा ओंडका ३०० ते ३८० किलोंवर जातो. डोळ्याला तो थोडासाच जाड दिसतो, वजन मात्र जवळजवळ पावणेदोन पट होतं. अंदाज चुकतो तो नेहमी इथेच.

आता १९० किलोचा ओंडका जमिनीवरून फरफटत न्यायला त्याच्या वजनाच्या निम्मा ते दोन तृतीयांश जोर लागतो असं धरा. म्हणजे १०० ते १३० किलो. गाडी आणि स्वार मिळून ४०० किलो. ओल्या पाचोळ्यावर चारही चाकं फिरत असताना त्यातले चाळीस टक्के पकड म्हणून मिळाले तरी खूप झालं, म्हणजे १६० किलो. हातात राहिले ३० ते ६० किलो. सपाटीवर काम चालतं ते या शिलकीवर. तोंड मातीत घुसलं की ती शिलक त्या क्षणी संपते. गाडीत काहीही बिघाड नसताना चाकं फिरायला लागतात ती यामुळे.

चढाचं गणित याहून वाईट. फक्त १० अंशांच्या चढावर ओंडक्याचंच नाही तर गाडीचंही वजन मागे ओढतं. ५९० किलोंचे साधारण १०० किलो वाढीव ओझं होतं. शिलक संपून उधारी सुरू. म्हणून ओंडका घेऊन चढ चढायचा हट्ट सोडा. त्याला वेगळा मार्ग आहे, तो पुढे येतो.

गाडीच्या पुस्तकात ओढण्याची जी मर्यादा दिलेली असते ती चाकांच्या ट्रेलरसाठी असते. घासत येणाऱ्या लाकडाला तो आकडा लावू नका.

तोंड वर कसं ठेवायचं

सगळ्यात स्वस्त उपाय चेनसॉनं होतो. ओंडक्याच्या पुढच्या कापाची कड सगळीकडून तिरकी छाटायची, साधारण ४५ अंशांत, पाच ते दहा सेंटिमीटर. फक्त खालची कड छाटून भागत नाही, कारण ओंडका वाटेत लोळतो आणि न छाटलेली कड खाली येते. बैल-घोड्यांनी लाकूड ओढायच्या काळापासून हे करतात. यात थोडं लाकूड वाया जातं, म्हणून फळ्या काढायच्या असतील तर ओंडका मुळातच वीतभर जास्त लांब कापा. जळणाचं लाकूड असेल तर विचारच करू नका, छाटा.

प्लास्टिकची शंकूसारखी टोपी मिळते, ती ओंडक्याच्या तोंडावर बसते आणि दोर तिच्या टोकातून बाहेर येतो. खुंटांच्या जंगलात या टोपीइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही, कारण ती खुंटावर आदळत नाही, बाजूला सरकते. विंचनं, म्हणजे गाडीवरच्या दोर गुंडाळून ओढणाऱ्या मोटरनं, ओढताना तर ती हवीच, कारण तेव्हा तुम्ही ओंडक्याजवळ नसता. मात्र ओंडक्याचं तोंड टोपीपेक्षा जाड असेल तर ती नीट बसत नाही आणि पहिल्या मुळीशी निखळते.

टोपी नसेल तर तोंडाखाली काहीतरी घसरणारं घाला: प्लास्टिकच्या मोठ्या पिंपाचा उभा चिरलेला अर्धा भाग, कन्व्हेयर बेल्टचा तुकडा, जुन्या मोटारीचं उलटं टाकलेलं बॉनेट. त्यावर ओंडक्याचं फक्त पुढचं टोक बांधायचं. साखळी मात्र ओंडक्यालाच लावा, पिंपाला नाही. प्लास्टिकचं भोक पहिल्याच झटक्याला फाटतं.

साखळी आखूड केली की तोंड उचलतं, हा सल्ला अर्धाच खरा आहे. उचल मिळते ती साखळीच्या तिरकेपणातून, आणि तिरकेपणा येतो गाडीची हिच (मागे ओझं अडकवायची जागा) आणि ओंडक्यावरचा हुक यांच्या उंचीतल्या फरकातून. हिच ४० सेंटिमीटरवर आणि ओंडका १५ सेंटिमीटर जाड असेल तर फरक बराच आहे, आखूड साखळी छान काम करते. ओंडका ३५ सेंटिमीटर जाड असेल आणि हुक त्याच्या माथ्यावर असेल तर साखळी जवळजवळ आडवीच राहते, कितीही आखूड करा. म्हणूनच बारीक लाकडांवर जमलेली युक्ती जाड लाकडावर फसते. शिवाय फार आखूड साखळीनं ओंडका थांबताना मागच्या चाकांवर येतो.

जाड ओंडके नेहमी काढायचे असतील तर दोन चाकांची कमान घ्या किंवा वेल्डिंग करून घ्या. तिला सगळीकडे आर्चच म्हणतात. ओंडक्याचं पुढचं टोक कमानीखाली टांगायचं, शेपूट जमिनीवर घासू द्यायचं. निम्मं वजन चाकांवर जातं, तोंड हवेत राहतं, मातीत घुसायचा प्रश्नच मिटतो. तोच १९० किलोंचा ओंडका ६०-७० किलोंच्या ओढीत यायला लागतो. बुंध्याकडचं टोक पुढे घेतलं तर जड भाग चाकांवर येतो, ते बरं. ओंडका तोलून मधोमध टांगायचा मोह आवरा. मग घासणारं शेपूट राहत नाही आणि उतारावर थांबवायला काहीच उरत नाही.

कमान नसताना नुसत्या साखळीनं ओढायचं आणि बुंधा फारच जाड आहे, तर शेंड्याकडचं टोक पुढे घेऊन बघा. फक्त फांद्यांचे ठोंब अगदी सालीबरोबर छाटलेले हवेत. फांद्या शेंड्याच्या दिशेला झुकलेल्या असतात, त्यामुळे शेंडा पुढे घेतला की राहिलेला प्रत्येक ठोंब गळासारखा अडतो.

कॅरिअरला बांधू नका

ओंडक्याचं तोंड उचललं जावं म्हणून पुष्कळ जण साखळी मागच्या कॅरिअरला बांधतात. तोंड खरंच उचलतं. पण त्यानं गाडी मागे उलटू शकते, ती का ते समजून घ्या.

१५० किलोंची ओढ ४० सेंटिमीटर उंचीच्या हिचवर आली आणि दोन आसांमधलं अंतर १२५ सेंटिमीटर असेल, तर पुढच्या चाकांवरचं ४८ किलो वजन मागे जातं. हँडल थोडं हलकं लागतं, इतकंच. हीच ओढ ८० सेंटिमीटरवरच्या कॅरिअरवर घेतली की ९६ किलो मागे जातं. स्वार धरून पुढच्या चाकांवर असतात साधारण १८०-२०० किलो. आता १५ अंशांचा चढ जोडा, आणखी ५० किलोंच्या आसपास मागे सरकतं. तेवढ्यात ओंडका खुंटाला अडतो. अडताना बसणारा झटका सावकाश ओढीपेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि पुढची चाकं हवेत जातात. अशा वेळी थ्रॉटल धरून ठेवला तर गाडी मागे उलटते, आणि स्वार तिच्या खाली असतो.

साखळी नेहमी हिचलाच, आणि हिच मागच्या आसाच्या उंचीवर किंवा त्याखाली. उचल हवी असेल तर ती कमानीनं द्या, टोपीनं द्या, कापानं द्या. गाडीला फक्त ओढू द्या. पुढचं चाक हलकं वाटलं की अंगठा थ्रॉटलवरून काढायचा, ही सवय हाताला लागली पाहिजे. पुढे झुकून बसल्यानं थोडी मदत होते, पण त्यावर विसंबू नका.

फास घसरतो त्याचं काय

फास टोकापासून ३० ते ४५ सेंटिमीटर मागे घ्या. त्याहून पुढे घेतला तर निसटतो, फार मागे घेतला तर तोंड खाली झुकतं. झाडात रस चढलेला असतो त्या दिवसांत साल लाकडापासून सहज सुटते आणि फास सालीसकट पुढे येतो. अशा वेळी फासाच्या जागी सालीचा पट्टा कुऱ्हाडीनं काढून टाका आणि करवतीनं उथळ खाच पाडा. साखळीची कडी तिच्यात बसेल इतकीच.

हुक कुठे ठेवायचा यावर ओंडक्याचं लोळणं अवलंबून असतं. हुक माथ्यावर असेल तर ओढ सरळ लागते. हुक बाजूला किंवा खाली ठेवून साखळी वरून फिरवली तर ताण येताच ओंडका आधी लोळतो, मग पुढे येतो. ही खोड नाही, हत्यार आहे. ओंडका खुंटाला टेकून अडला असेल तर फास असा फिरवा की तो खुंटापासून दूर लोळेल. पहारीनं घाम गाळण्यापेक्षा हे बरं. चिखलात चिकटून बसलेला ओंडका सुटायलाही हीच युक्ती.

लाकूड पकडायचे कात्रीसारखे चिमटे झटपट लागतात, पण कुजक्या लाकडात त्यांची टोकं धरत नाहीत. दोर वापरत असाल तर ओंडक्याभोवती मागे एक गाठ आणि तोंडाजवळ एक साधी अर्धगाठ असे दोन वेढे घ्या. पुढच्या वेढ्यामुळे ओंडका दोराच्या रेषेत राहतो, तिरका होत नाही. नायलॉनचा ताणणारा टोइंग पट्टा मात्र इथे नको. तो रबरासारखा ताण साठवतो आणि हुक निसटला तर तो तुमच्या पाठीकडेच येतो.

सुरुवात कशी करता तेही बघा. साखळी सैल असताना गाडी पळवून झटका देणं हे साखळी, हिच आणि गिअरबॉक्स तिघांनाही मारतं. रांगत पुढे जा, साखळी ताठ होऊ द्या, मग जोर द्या.

चढावर विंच

चढ असेल तर ओंडका मागे बांधून चढू नका. गाडी आधी रिकामी वर न्या, तोंड ओंडक्याकडे करून उभी करा आणि पुढच्या विंचनं ओढा. एटीव्हीच्या विंच साधारण ११०० ते १६०० किलोंच्या असतात. हा आकडा ड्रमवर दोराचा पहिलाच थर असतानाचा आहे. दोर गुंडाळत जातो तसा थर वाढतो आणि ओढ कमी होते, म्हणून जोराच्या कामाला दोर जास्तीत जास्त बाहेर काढा. ड्रमवर किमान पाच वेढे मात्र राहू द्या, प्लास्टिकच्या दोराला त्याहून जास्त.

विंच मध्येच मंदावते ही दुसरी नेहमीची तक्रार. ती बहुतेकदा बॅटरीची असते. पूर्ण ओढीला विंच शंभर अँपिअरच्या वर वीज खाते आणि गाडीची चार्जिंग साधारण तीस-चाळीस देते. बाकी बॅटरीतून जातं. इंजिन चालू ठेवा, थोडं ओढा, थांबा, मोटरला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर थांबायची वेळ झाली आहे.

ओंडका हलतच नसेल तर उघडणारी कप्पी वापरा. पण कप्पी कुठे बांधता त्यावर सगळं आहे. कप्पी झाडाला बांधून दोर तिच्यातून ओंडक्याकडे नेला तर फक्त दिशा बदलते, जोर तेवढाच राहतो. कप्पी ओंडक्याला लावून दोराचं टोक परत गाडीजवळच्या झाडाला बांधलं, तर ओढ जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा. आणि दिशा बदलणाऱ्या कप्पीच्या झाडावर दोराच्या ताणाच्या दुपटीपर्यंत भार येऊ शकतो, म्हणून ते झाड जिवंत आणि दणकट निवडा, रुंद पट्ट्यानं बांधा. नुसता दोर बांधला तर साल कापली जाते.

ओंडका यायच्या ऐवजी गाडीच खाली सरकायला लागली तर पार्किंग ब्रेकवर भरवसा ठेवू नका. पुढची चाकं खुंटाला टेकवा किंवा फ्रेमला मागून झाडाशी पट्टा लावा. पोलादी दोरावर मध्यभागी जाड गोधडी किंवा भिजलेलं पोतं टाका, दोर तुटला तर त्याचा फटका त्यात जिरतो. ताठ दोराच्या रेषेत, आणि कप्पीपाशी दोर वळतो तिथे आतल्या बाजूला, कुणीही उभं राहायचं नाही.

उतार आणि वळणं

उतारावर अडचण उलटी होते. ओंडका अडत नाही, तो गाडीला गाठतो. साखळी सैल पडते आणि बुंधा मागच्या चाकात घुसतो. उतार सौम्य असेल तर लो गिअरमध्ये, थोडा थ्रॉटल देत, साखळी कायम ताठ ठेवून उतरा. ओंडका फारच गुळगुळीत असेल तर त्याच्या मागच्या भागाभोवती साखळीचे दोन-तीन वेढे घ्या. ते जमीन खरवडतात आणि ब्रेकचं काम करतात. तीव्र उतारावर गाडी पुढे लावूच नका, वरच्या झाडाला दोराचे वेढे देऊन ओंडका एकटा खाली सोडा.

आडव्या उतारावरून, म्हणजे डोंगर एका बाजूला ठेवून, ओंडका नेऊ नये. तो खालच्या बाजूला लोळतो आणि गाडीचं बूड सोबत ओढतो. वाट सरळ खाली किंवा सरळ वर काढा.

वळणावर ओंडका गाडीच्या मागोमाग येत नाही, आतून कापतो. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूचा एक खुंट उंच सोडून ठेवतात. ओंडके त्यालाच घासून वळतात आणि मागची उभी झाडं वाचतात. वाट साफ करताना बाकीचे खुंट जमिनीलगत कापा, हा एक तेवढा राहू द्या.

बेल्टचा वास

जळलेल्या रबरासारखा वास आला तर सीव्हीटीचा, म्हणजे गाडीच्या आपोआप वेग-जोर बदलणाऱ्या यंत्रणेचा, बेल्ट घसरतोय. बहुतेक वेळा कारण एकच, हाय गिअरमध्ये सावकाश ओढणं. लाकूड ओढताना लो गिअर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. वास आल्यावर गाडी लगेच बंद न करता न्यूट्रलमध्ये थोडा वेळ चालू ठेवा, म्हणजे बेल्टच्या डब्यातून हवा खेळत राहते. बेल्ट एकदा चकचकीत झाला की मग हलक्या ओझ्यालाही घसरतो, तो बदलावाच लागतो. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि गवताच्या काड्या बसल्यात का तेही बघा, कारण इतक्या कमी वेगाला वारा लागत नाही, सगळी मदार पंख्यावर असते. एक्झॉस्टजवळ साचलेला सुका पाचोळा दर थांब्याला काढा.

टायरची हवा बहुतेक एटीव्हींना ५ ते ७ पीएसआय सांगितलेली असते. ओझं ओढायचं म्हणून ती वाढवणं हा उलटा उपाय आहे, टायर कडक होतो आणि पकड जाते. पुस्तकात जी हवा सांगितली आहे तीच ठेवा. पाऊस पडून गेल्यावर वाट रबरबलेली असेल तर दोन दिवस थांबा. चाकोरी एकदा खोल झाली की पाणी तिच्यातूनच वाहतं आणि पुढच्या खेपेला ओंडक्याचं तोंड तिच्यातच शिरतं.